आधी मांडणी, मग मोजणी

(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा सारांश)



गणराय विद्येची देवता. त्याच्यासमोर आज आम्ही विद्येतल्याच एका चुकीबद्दल बोलणार आहोत.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुके तीच असतात. पण यकृतात वेगळी जागी असतात, मेंदूत वेगळी. हजारो जनुकांपैकी कोणते किती जागे आहे, हे एकाच वेळी पाहण्याचे साधन म्हणजे मायक्रोअ‍ॅरे. लहानशा काचपट्टीवर हजारो ठिपके, प्रत्येक ठिपका एका जनुकाचा. पेशीतल्या आरएनएची चमकता रंग लावलेली प्रत त्यावर सोडायची. ठिपका जितका उजळ, तितके ते जनुक जागे.

साधन उत्तम, पण खरे काम त्याआधीचे. निरोगी माणसांचे नमुने सोमवारी तपासले आणि रुग्णांचे शुक्रवारी, तर दिसणारा फरक आजाराचा की वाराचा, हे नंतर कोणतेही गणित सांगू शकत नाही. म्हणून दोन्ही नमुने रोज मिसळून घ्यावे लागतात. एकाच रुग्णाचा नमुना दहा वेळा मोजला, म्हणून दहा रुग्ण होत नाहीत. आणि शंभरात पाच चुका चालतील अशी कसोटी २०,००० जनुकांना लावली, तर काहीच फरक नसतानाही सुमारे १,००० जनुके 'वेगळी' दिसतील.

२००६ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी जाहीर केले, की कर्करोगाच्या कोणत्या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल, हे अशा मोजणीवरून आधीच सांगता येते. ह्यूस्टनच्या कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स यांनी तेच आकडे पुन्हा तपासले. जनुकांच्या यादीतली नावे एका ओळीने सरकलेली होती. काही ठिकाणी 'औषध लागू' आणि 'औषध निष्प्रभ' यांची चक्क अदलाबदल झाली होती! त्यांनी २००७ मध्येच हे छापून सांगितले. तरीही त्या आधारावर रुग्णांवरच्या चाचण्या चालू राहिल्या. त्या कायमच्या बंद व्हायला २०१० उजाडले. २०११ मध्ये मूळ शोधनिबंध मागे घेतला गेला. पुढे २०१५ साली सरकारी चौकशीत काही माहिती खोटी असल्याचेही नोंदले गेले.

उत्सव संपला की मंडळाचा हिशेब सभेपुढे येतो. पावती कुठे, असे कुणीही विचारू शकतो, आणि त्यात कुणाचा अपमान नसतो. विज्ञानालाही हाच नियम हवा. उद्या आपल्या घरातल्या कुणासाठी अशी जनुकीय चाचणी सुचवली गेली, तर डॉक्टरांना नम्रपणे जरूर विचारा: ही किती रुग्णांवर पारखली आहे, आणि ती शोधणाऱ्यांखेरीज दुसऱ्या कुणी पडताळली आहे का?

गणपती बाप्पा मोरया!