‘मार्क’ : एक शब्द, अनेक खुणा

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपल्यापुढे एका इंग्रजी शब्दाविषयी बोलणार आहे. तो ठाऊक नाही असे घर आपल्या समाजात सापडणार नाही. ज्या आजीला इंग्रजीची अक्षरओळख नाही तीसुद्धा निकालाच्या दिवशी नातवाला विचारते, ‘‘किती मार्क पडले रे?’’ तो शब्द म्हणजे ‘मार्क’. शब्द रोजचा, पण त्याचा अर्थ काय, असे कोणी विचारले तर आपण म्हणतो, ‘‘अर्थ कसला? मार्क म्हणजे मार्क!’’

आता गंमत पाहा. इंग्रजी माध्यमाचा मुलगा ज्याला ‘मार्क’ म्हणतो त्याला मराठी शाळेत ‘गुण’ म्हणतात आणि उर्दू शाळेत ‘नंबर’. एकाच घरातली तीन भावंडे तीन शाळांत जात असतील तर तिघांच्या तोंडी तीन शब्द असतात. वस्तू एकच, पण शब्दांचे अर्थ मात्र वेगळे. ‘नंबर’ म्हणजे नुसता आकडा. ‘गुण’ म्हणजे माणसाच्या अंगचा चांगुलपणा, त्याची योग्यता. आणि ‘मार्क’ म्हणजे केवळ खूण. फारसीतून आपल्याकडे आलेला ‘निशाणी’ हा शब्द त्याला सर्वांत जवळचा. या तिघांतला फरक नीट ध्यानी आला तर निकालाच्या दिवशी आपल्या घराघरांत जे रडणे-ओरडणे होते त्यातले निम्मे कमी होईल, असे मला वाटते.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ हद्द, सरहद्द असा होता. डेन्मार्क या देशाच्या नावात तो आजही आहे. डेन लोकांचा सरहद्दीचा मुलूख, तो डेन्मार्क. हद्द दाखवण्यासाठी जी खूण करत तिलाही लोक ‘मार्क’ म्हणू लागले आणि पुढे कोणत्याही खुणेला हा शब्द लागला. आपल्याकडे दोन कलमबागांच्या मध्ये गडगा असतो, सर्व्हेचा दगड असतो. तो दगड म्हणजे जमीन नव्हे. जमीन कुठे सुरू होते आणि कुठे संपते, एवढेच तो सांगतो.

समुद्रावर जाणाऱ्याला खुणेचे महत्त्व सांगावे लागत नाही. लांबून दिसणाऱ्या ठळक ठिकाणाला इंग्रजीत ‘लँडमार्क’ म्हणतात. किनाऱ्यावरचे झाड आणि मागच्या डोंगराचे टोक एका रेषेत आले की आपण कुठे आहोत हे होडीवाल्याला कळते. आपल्या देवगड तालुक्यात, अगदी समुद्राला लागून असलेले कुणकेश्वरचे मंदिर ही अशीच एक खूण. त्या मंदिराची एक दंतकथा आपण सर्वांनी ऐकली असेल. एक मुसलमान व्यापारी गलबत घेऊन चालला होता. वादळात सापडला. अंधारात त्याला किनाऱ्यावर एक दिवा दिसला आणि त्या दिव्याच्या रोखाने तो तरला. उपकार स्मरून त्याने तिथे मंदिर बांधले, असे सांगतात आणि मंदिराजवळ त्याचे थडगेही दाखवतात. दंतकथा म्हणजे इतिहासाचा पुरावा नव्हे. पण आपल्या किनाऱ्यावरच्या हिंदू-मुसलमानांनी ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आणली, यातही एक खूण आहे, ती ओळखावी.

आता एका मोठ्या खुणेची हकिकत ऐका. आपल्या कोकणी मुसलमानांच्या कित्येक घरांतले वडीलधारे बोटीवर नोकरीला होते, त्यांना ही चांगली परिचित असेल. मालवाहू जहाजाच्या कुशीला एक वर्तुळ आणि त्यातून गेलेली आडवी रेघ रंगवलेली असते. शेजारी शिडीसारख्या लहान रेघा असतात. ‘टी’ म्हणजे उष्ण समुद्र, ‘एस’ म्हणजे उन्हाळा, ‘डब्ल्यू’ म्हणजे हिवाळा, ‘एफ’ म्हणजे गोडे पाणी. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, म्हणून तेवढ्याच मालाने जहाज त्यात अधिक बुडते. त्या त्या ठिकाणची रेघ पाण्याखाली जाईल इतका माल भरता येत नाही. हा ‘प्लिमसॉल मार्क’. इंग्लंडात पूर्वी मालक विम्याच्या भरवशावर जहाजे बेसुमार भरत आणि बिचारे खलाशी बुडून मरत. सॅम्युअल प्लिमसॉल नावाच्या पार्लमेंटच्या सभासदाने त्याविरुद्ध आवाज उठवला आणि १८७६ मध्ये कायद्याने ही खूण सक्तीची झाली. पण गोम अशी की, खूण नेमकी कोठे काढायची हे मालकाच्याच हाती राहिले! मालकाने ती वर चढवली की माल हवा तितका भरता येई. शेवटी १८९० च्या कायद्याने तिची जागा ठरवून दिली, तेव्हा कुठे त्या रेघेला अर्थ आला.

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेत कॉपी करणारा मुलगा दुसरे काय करतो? जहाज तेवढेच राहते, तो रेघ फक्त वर सरकवतो. बंदरात कोणाच्या लक्षात येत नाही. समुद्र मात्र फसत नाही.

हीच गोष्ट आंब्याच्या पेटीची. पेटीवर बागायतदाराचा मार्का असतो आणि वाशीच्या बाजारात तो पाहून भाव ठरतो. पण मार्क्याला ही किंमत कोठून आली? वर्षानुवर्षे आत चांगले फळ भरले म्हणून. खालच्या थरात कोवळे फळ घालणाऱ्याचा मार्का दोन हंगामांत बदनाम होतो. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही बाहेरचा आंबा देवगडच्या नावाने विकला जातो, म्हणून २०२५ च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेला फळावर क्रमांकाची खूण लावण्याची योजना आणावी लागली. खूण खोटी होऊ शकते, म्हणून खुणेचीही खूण करावी लागते!

आणखी एक खूण आपल्या घरातली. जुने खरेदीखत काढून पाहा. खाली लिहिलेले असते, ‘निशाणी डावा अंगठा’. इंग्रजी कागदांत अशिक्षित माणूस फुली मारी, तिलाही ‘मार्क’च म्हणत. १८५८ मध्ये बंगालात जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांचे कार्यालय निघाले. पण हजारो ठशांतून हवा तो शोधावा कसा? ठशांची १,०२४ खणांत वाटणी करण्याची गणिती रीत बसवण्यात काझी अझिझुल हक या गणिताच्या पदवीधराचा मोठा वाटा होता, आणि त्यांच्या जोडीला हेमचंद्र बोस होते. पद्धतीला नाव मात्र पडले साहेबांचे, एडवर्ड हेन्री यांचे. विचार करा, आपल्यातला एक माणूस अंगठा उठवत होता, आणि शिकलेला दुसरा माणूस त्याच अंगठ्यातून जगाला उपयोगी पडेल असे शास्त्र उभे करत होता. दोघांमध्ये फरक फक्त शाळेचा.

नित्याच्या इंग्रजीतही हा शब्द ठायी ठायी भेटतो. शर्यतीत ‘ऑन युअर मार्क’ म्हणजे आपापल्या रेघेवर. काम ‘अप टू द मार्क’ नाही, म्हणजे ठरल्या दर्जाचे नाही. ‘क्वेश्चन मार्क’ म्हणजे प्रश्नचिन्ह. बाण किंवा बोलणे नेमके लागले तर ‘हिट द मार्क’, हुकले तर ‘मिस द मार्क’. आणि माणसाने नाव काढले की ‘मेड हिज मार्क’. हे प्रयोग वहीत उतरून घ्या आणि प्रत्येकाचे एक वाक्य स्वतः बनवा. पाठांतरापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

पालक बंधू-भगिनींनो, आता मुद्द्याचे बोलतो. आपण ‘मार्क’ला ‘गुण’ म्हणू लागलो आणि खुणेलाच वस्तू समजू लागलो. गणितात तीस पडले की मुलगा ‘ढ’ ठरतो. त्याला मच्छीच्या बोटीवर किंवा कुणाच्या दुकानात धाडतो. मुलीला ऐंशी पडले तर पेढे वाटतो, आणि वर्षभरात तिचे शिक्षण थांबवतो. पहिल्या ठिकाणी खूण वाईट म्हणून आपण फळ फेकले. दुसऱ्या ठिकाणी खूण उत्तम असूनही पेटी बाजारात जाऊच दिली नाही. हे शहाणपणाचे आहे का?

मार्कांना किंमत नाही, असे मी म्हणत नाही. खूण हवीच, नाहीतर गलबत खडकावर जाईल. पण खूण वाचता आली पाहिजे. गणितात तीस म्हणजे कुठे अडले? अपूर्णांकात की भाषा न समजल्यामुळे? शिक्षकांना जाऊन विचारा. निकालाविषयी शंका असेल तर बोर्डाकडे अर्ज करून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, गुणपडताळणीही करून घेता येते. दहावीत नापास झाल्यास २०१५ पासून त्याच वर्षी पुरवणी परीक्षा देण्याची सोय आहे. वर्ष फुकट जात नाही. ही माहिती ज्या घरात नाही तेथे मुलाचे शिक्षण पस्तीसच्या रेघेवर येऊन संपते. आपल्या शेजारच्या घरात ती पोहोचवा.

आणि मुलांनो, मुलींनो, पेटीवरच्या मार्क्याची काळजी करा, पण त्याआधी आतल्या आंब्याची करा. यंदा निकालपत्र घरी येईल तेव्हा ‘‘किती पडले?’’ या प्रश्नानंतर ‘‘काय आले आणि काय राहिले?’’ हा दुसरा प्रश्नही आपल्या घरात विचारला जावो, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.