नेमबाजीतील मागचा टेकू



ऑक्टोबर २०२२ मध्ये इजिप्तची राजधानी कैरो येथे झालेल्या जागतिक नेमबाजी स्पर्धेत ठाण्याचा अठरा वर्षांचा रुद्रांक्ष पाटील दहा मीटर एअर रायफल प्रकारात विश्वविजेता ठरला. या प्रकारात हा मान त्यापूर्वी एकाच भारतीयास, म्हणजे २००६ मध्ये अभिनव बिंद्रा यांस, लाभला होता. पुढे १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या प्रकारात कांस्यपदक पटकाविले. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेला हा खेळाडू त्या वेळी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. ज्या रेल्वेने ठाणे, डोंबिवली आणि कल्याणचे लक्षावधी नागरिक रोज प्रवास करतात, त्याच रेल्वेचा हा सेवक. तेव्हा या शहरांतील मुलामुलींचा आणि त्यांच्या पालकांचा ओढा नेमबाजीकडे वळला असल्यास नवल नाही. पन्नास मीटरचे मैदान या दाटीवाटीच्या शहरांत मिळणे दुरापास्त असले, तरी दहा मीटरची लक्ष्यशाला शाळेच्या एखाद्या लांब दालनात, मागे भक्कम भिंत व छर्रे अडविण्याची सोय करून, उभी राहू शकते.

परंतु शाळेत रायफल आली की पहिला प्रश्न उभा राहतो तो आधाराचा. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती चार-पाच किलो वजनाची रायफल देऊन त्याला उभ्याने नेम धरावयास सांगितले, तर पहिल्या दहा मिनिटांत त्याचे खांदे भरून येतात आणि चूक नेमाची झाली, चाप ओढण्याची झाली की केवळ थकव्याची झाली, हे त्याला कळत नाही व शिक्षकालाही कळत नाही. म्हणून प्रारंभी रायफल टेकूवर ठेवून शिकविणे हा जगभर रूढ असलेला मार्ग आहे. येथे बहुतेकांचे लक्ष जाते ते पुढच्या टेकूकडे. वाळूची एक पिशवी लाकडी दांड्याच्या पुढल्या भागाखाली सारली की काम झाले, असे मानले जाते. (ती पिशवी नळीखाली मात्र कधीही ठेवू नये, नळीवर दाब पडला की छर्रा भलतीकडे जातो.) दस्त्याखाली काय आहे, याची चौकशी क्वचितच होते. अनेक ठिकाणी तेथे मुलाची मूठ असते, किंवा दोन वह्या, किंवा काहीच नसते.

या उपेक्षेची किंमत साध्या त्रैराशिकाने काढता येते. पुढच्या टेकूवर ठेवलेली रायफल ही तराजूच्या दांडीसारखी असते. टेकूपासून दस्त्याचे टोक साठ सेंटिमीटर मागे आहे असे धरा. दस्ता एक मिलिमीटर वर उचलला गेला, तर दहा मीटरवरील लक्ष्यावर नेम सुमारे सतरा मिलिमीटर खाली उतरतो. दहा मीटरच्या लक्ष्यपत्रावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, आणि एका कड्यापासून दुसरे कडे अडीच मिलिमीटरवर. म्हणजे मागे एका मिलिमीटरची हालचाल झाली की दहाचे चार होतात. पन्नास मीटरवर तीच हालचाल सुमारे त्र्याऐंशी मिलिमीटरची होते आणि गोळी लक्ष्यपत्राच्या शेवटच्या कड्याबाहेर पडते. पुढचा टेकू रायफलचा भार वाहतो हे खरे, पण नेमाचे सूत्र मागे असते.

तेव्हा मागचा टेकू कसा निवडावा? बाजारात पेचांनी वर-खाली होणारे लोखंडी आधार मिळतात, पायांच्या जोड्या मिळतात, चामड्याच्या आयत्या पिशव्या मिळतात. पेचाचा आधार अचूक असतो, पण शिकणाऱ्या मुलास तो घातक ठरतो, कारण त्यावर रायफल स्वतःच उभी राहते आणि मूल केवळ चाप ओढणारा मजूर बनते. शाळेच्या दृष्टीने सर्वात उपयुक्त वस्तू म्हणजे डाव्या मुठीत धरता येईल अशी, पाऊण भरलेली कापडी पिशवी. उजव्या हाताने चाप सांभाळणाऱ्या मुलाने ती डाव्या हाताने दस्त्याखाली धरावयाची. मूठ आवळली की पिशवी फुगून दस्ता वर जातो, सैल केली की खाली येतो. इतक्या बारीक हालचाली महागड्या पेचालाही सहज साधत नाहीत. शिवाय मुलाचा हात, डोळा आणि श्वास एकमेकांशी बोलू लागतात, हा लाभ वेगळाच. काठोकाठ भरलेली पिशवी मात्र दगडासारखी होते, दाबली जात नाही आणि तिच्यावरून दस्ता घसरतो. नवख्या मंडळींकडून हटकून होणारी चूक हीच.

आत काय भरावे, याविषयी मतभेद पुष्कळ आहेत. वाळू जड असते, एकदा बसली की हलत नाही आणि उसळी घेत नाही, म्हणून ती उत्तम. पण ठाणे-कल्याण भागात सहज हाती येणारी रेती बहुधा खाडीची. तिच्यातील क्षार हवेतील ओल ओढून घेतात. पावसाळ्यात अशी पिशवी ओलसर राहते आणि तिच्यावर टेकलेल्या रायफलच्या पोलादी भागांना गंज चढतो. खाडीची रेती वापरावयाचीच, तर ती दोन-तीन पाण्यांतून धुऊन, कडक उन्हात वाळवून, बारीक चाळणीने चाळून घ्यावी. मुरबाड, शहापूरकडील शाळांना भाताचे तूस फुकट मिळते. ते हलके असते आणि मुलांना पिशवी नेण्या-आणण्यास बरे पडते. परंतु आठवड्याभरात ते दबते व टेकूची उंची बदलते. तांदूळ किंवा कडधान्य भरण्याचा मोह टाळावा, कारण त्यास किडे लागतात आणि शाळेच्या कपाटात उंदरांना आमंत्रण मिळते. डोंबिवलीसारख्या औद्योगिक गावी प्लॅस्टिकचे बारीक दाणे मिळणे अवघड नसते. त्यांना ओल लागत नाही आणि ते दबतही नाहीत, मात्र फार हलके व निसरडे असल्याने त्यांत थोडी वाळू मिसळणे बरे. कापड जाड असावे. जीनच्या जुन्या विजारीचा पाय कापून, दोन्ही टोकांना दुहेरी शिलाई घातली, तर कोणताही शिंपी तासाभरात पिशवी करून देईल. कापड सैल विणीचे असेल तर आतून मांजरपाटाचे अस्तर घालावे, नाही तर वाळूची पूड रायफलच्या यंत्रात शिरते.

पिशवी योग्य आहे की नाही, याची कसोटी सोपी आहे. मुलाने नेम धरावा, डोळे मिटावेत, दोन-तीन शांत श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. नेम जागच्या जागी असेल, तर टेकू व शरीर यांचा मेळ बसला. नेम सरकला असेल, तर हातांनी रायफल ओढून जागेवर आणू नये. पिशवी पुढे-मागे सारावी किंवा बसण्याची दिशा बदलावी. ही कसोटी छर्रा न भरता घ्यावी, आणि तरीही नळी लक्ष्याच्याच दिशेने असावी.

येथे एक मोठा इशारा देणे आवश्यक आहे. हा टेकू शिकण्यापुरता आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत उभ्यानेच नेम धरावा लागतो आणि कोणताही कृत्रिम आधार चालत नाही. जर्मनीत ज्येष्ठ नागरिकांसाठी रायफल टेकवून खेळण्याचा स्वतंत्र प्रकार आहे आणि तो लोकप्रियही आहे, पण शाळकरी मुलांची वाट ती नव्हे. ज्या मुलाने दोन वर्षे पिशवीवरच गुण मिळविले, त्याला जिल्हा स्पर्धेत पिशवी काढून घेतल्यावर वाटणारी निराशा त्याचा खेळच संपवू शकते; आणि दोष त्याचा नसतो. चाप ओढताना नेम हलेनासा झाला की पिशवी थोडी थोडी दूर करावी. आधी मागची काढावी, म्हणजे दस्त्याचा भार खांद्यावर येतो. पुढची नंतर. उभ्या अवस्थेत डावे कोपर कमरेच्या हाडाजवळ टेकते आणि रायफलचा भार हाडांच्या सांगाड्यावरून थेट पायांत उतरतो. अपंग खेळाडूंची गोष्ट निराळी. ज्यांचे हात रायफलचा भार पेलू शकत नाहीत, अशांसाठी पॅरा नेमबाजीच्या नियमांनीच स्प्रिंग बसविलेला आधार मान्य केला आहे. असा विद्यार्थी शाळेत असेल तर त्याचा टेकू काढून घेण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

नियमांत बसणारा एक मागचा आधार मात्र आहे, आणि त्याची निवड पिशवीपेक्षाही नाजूक आहे. कुसाळेच्या प्रकारात गुडघ्यावर बसून, झोपून व उभ्याने अशा तीन अवस्थांत मिळून पात्रता फेरीत साठ गोळ्या झाडावयाच्या असतात. गुडघ्यावर बसताना उजव्या पावलाच्या घोट्याखाली एक लहान लोड ठेवण्यास अनुमती आहे. लांबी पंचवीस सेंटिमीटर व व्यास अठरा सेंटिमीटर याहून अधिक नको, आणि तो मऊ व लवचिक असावा, असा नियम आहे. खेळाडूच्या शरीराचा बराचसा भार टाचेवरून या लोडावर येतो. लोड उंच झाला तर धड पुढे कलते व डाव्या हातावर ताण पडतो. ठेंगणा झाला तर पाऊल दुखू लागते, आणि दुखणारे पाऊल दहाव्या गोळीनंतर नेमात दिसू लागते. पाय बधिर होत असेल तर भरण फार कडक आहे. मालिकेच्या शेवटी नेम हळूहळू खाली किंवा बाजूला सरकत असेल तर भरण दबत आहे. लाकडाचा भुसा आणि वाळू यांचे मिश्रण बहुतेकांना मानवते. प्रमाण मात्र प्रत्येकाने आपल्या वजनावरून ठरवावे. वाढत्या वयाच्या मुलांच्या पायाची लांबी वर्षभरात बदलते, म्हणून एका मुलाचा लोड दुसऱ्यास देणे हे एकाचा चष्मा दुसऱ्यास देण्यासारखे आहे.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत या पिशव्या व लोड जमिनीवर ठेवू नयेत. फळीवर, हवा लागेल अशा ठिकाणी ठेवून ऊन पडेल त्या दिवशी ते बाहेर काढावेत. दर महिन्यास त्यांचे वजन करून वहीत लिहावे. वजन वाढले असेल तर आत ओल शिरली आहे, आणि घटले असेल तर एखादी शिवण उसवली आहे.