क्षणाचा वेग

आमच्या वस्तीतल्या यंत्रमाग कामगाराचा मुलगा कलनशास्त्रात नापास झाला. कॉलेजच सोडतो म्हणाला. एक्सवर्गाचे विकलन दोन एक्स, हे त्याला तोंडपाठ. पण क्षणाचा वेग म्हणजे काय? क्षणात अंतर शून्य, काळही शून्य; भागायचे कशाने?

अहो, हीच शंका १७३४ साली बिशप बर्कलीने काढली होती! लायब्निट्सचा लेख १६८४ चा. कोशीने 'सीमा' पायाशी घातली १८२१ मध्ये. पंडितांनी एवढी वर्षे घेतली, आणि पोराला मात्र आपण एक तास देतो.

आम्ही त्याला पाटीवर बसवले. अंतर म्हणजे काळाचा वर्ग. पहिल्या सेकंदानंतर पुऱ्या सेकंदाचा सरासरी वेग ३, दशांशाचा २.१, शतांशाचा २.०१.

"काका, हे दोनाकडे चाललंय," तो म्हणाला, "शून्यानं भागायचंच नाही!"