टोपी पडायला हवी

१८८९ साली लायडनच्या एका मानववंशशास्त्रीय नियतकालिकात तुर्की छायानाट्यावर लेख आला. लेखक फेलिक्स फॉन लुशान. शिक्षणानं डॉक्टर, आणि माणसांची डोकी मोजण्याचा भारी नाद. सोबत बाहुल्यांची रंगीत चित्रं. पांढऱ्या कागदावर, टाचलेल्या फुलपाखरांसारखी.

चित्रं सुबक आहेत, तक्रार नाही. पण ही बाहुली उंटाच्या कातड्याची. कातडं घासून पारदर्शक करायचं, कोरायचं, रंगवायचं. पडद्यामागे दिवा. बाहुली पडद्याला टेकवून आडव्या काठीनं नाचवायची. उजेड कातड्यातून येतो, म्हणून सावली काळी नाही, रंगीत पडते. कागदावर उजेड पुढून पडतो, तिथंच अर्धा खेळ गेला.

उरलेला अर्धा आवाजाचा. एकच माणूस सगळ्यांसाठी बोलतो. त्याला म्हणतात ‘हयाली’, म्हणजे आपला खयालच! पडद्याला ‘पेर्दे’. मला तर परमुलखात मावसभाऊ भेटल्यासारखं झालं. रमजानच्या रात्री, रोजा सुटल्यावर कॉफीखान्यांत हे खेळ रंगायचे. जेरार द नेर्वाल हा फ्रेंच लेखक १८४३ च्या रमजानात इस्तंबूलला होता. त्यानंही करागोझबद्दल लिहून ठेवलंय.

सुरुवातीला हाजीवाद गझल म्हणतो. पडदा म्हणजे जग, सावल्या म्हणजे आपण, हलवणारा पलीकडे. अस्सल सूफी विचार. आणि लगेच करागोझ घरातून खाली उडी मारतो आणि दोघांची गुद्दागुद्दी! हाजीवाद फारसी-अरबीनं नटलेलं बोलतो, करागोझ हटकून भलतंच ऐकतो. करागोझ म्हणजे काळा डोळा. कान मात्र त्याचे सोयीचे. मग अरब येतो, इराणी येतो, आर्मेनियन, अल्बानियन; प्रत्येकाची तुर्की आपापल्या परीनं मोडकी. थट्टा बोचरी असते, नाही असं नाही. पण ज्याची थट्टा, तोही तिथं तोंड उघडतो. नमुना म्हणून छापलेला माणूस गप्प असतो.

सुदैवानं हंगेरीच्या इग्नात्स कुनोशनं ते बोलणंही टिपलं होतं. १८८६ साली त्यानं बुडापेस्टला करागोझची तीन नाटकं छापली. चित्रं एकीकडे, बोलणं दुसरीकडे. आत्ता तुम्हालाही माझा आवाजच ऐकू येतोय.

आणखी एक. मारामारीत करागोझची टोपी घसरते, टक्कल उघडं पडतं आणि कॉफीखाना हसतो. छापील पानावर ती टोपी काही केल्या पडत नाही.