मावशी, आजचा दिवसच वाईट होता
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपण दहावी झालो तेव्हा कारंजा अकोला जिल्ह्यात होतं. १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा झाला आणि घर न हलवता आपला पत्ता बदलला. त्याच सुमारास आपल्यातले बरेच जण शिकायला बाहेर पडले. मी इंजिनिअरिंग केलं आणि सॉफ्टवेअरमध्ये रमले. मला 'करिअर'वर बोलायला सांगितलं आहे. पण मी बोलणार आहे त्याच्या आधीच्या, होस्टेलच्या दिवसांबद्दल.

माझी भाची मेडिकलला आहे, सध्या इंटर्न. एका रात्री अकराला तिचा फोन आला, "मावशी, आजचा दिवसच वाईट होता." झालं काय होतं? वाळत घातलेला अ‍ॅप्रन रात्रीच्या पावसात भिजला. तो ओलाच घालून ती वॉर्डात गेली. एका आजींची शीर सापडेना, दुसऱ्या टोचणीला सापडली. दोन तासांनी लॅबमधून निरोप आला की रक्त गोठलंय, नमुना परत पाठवा. जांभळ्या झाकणाच्या बल्बमध्ये रक्त घेतलं की तो लगेच आठ-दहा वेळा हलकेच उलटापालटा करावा लागतो, नाहीतर आतलं औषध नीट मिसळत नाही. गडबडीत ते राहिलं होतं. पुन्हा आजींकडे जायची तिला लाज वाटत होती. आजींनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "घे वं माय, रक्तच त हाय." मग मेस बंद झाली, संध्याकाळी गाडी पंक्चर झाली आणि खोलीची किल्ली खोलीतच राहिली.

हे सगळं ती हसत सांगत होती. शेवटी मात्र गप्प झाली आणि म्हणाली, "आईला सांगू नको. तिला वाटेल मला झेपत नाही."

त्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करत होते.

मेडिकलला गेलेली आपल्याकडची पहिली मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. जन्म १८६५ चा. हातात पुस्तकं आणि पायात बूट घालून शाळेत जाताना लोक हसत, ओट्यावर बसलेले खडे मारत, हे त्यांनी १८८३ मध्ये सेरामपूरच्या भाषणात स्वतः सांगितलं आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय १८. पुढे फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. एवढं आपल्याला शाळेत शिकवलं होतं.

मधल्या तीन वर्षांतले साधे दिवस मात्र पुस्तकात नव्हते. त्यांच्या खोलीतली शेकोटी ऊब कमी आणि धूर जास्त द्यायची. पेटवली तर धूर, नाही पेटवली तर थंडी. शाकाहारी असल्यामुळे अभ्यास सांभाळून स्वतःचं स्वतः रांधायचं. नऊवारीत त्या थंडीत भागेना, म्हणून त्या गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या. यातली एकेक गोष्ट किरकोळ. पण रोज सकाळी उठून त्याच किरकोळ गोष्टींशी झगडायचं होतं, आणि घरी पत्र पोचायला आठवडे लागत.

हे सांगायला त्यांना एक माणूस होतं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर. दाताच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत त्यांनी एक मासिक चाळलं. त्यात गोपाळरावांचं पत्र छापलेलं होतं. ते वाचून या बाईंनी अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात आनंदीबाई क्षयाने गेल्या, बाविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. त्यांच्या अस्थी पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवल्या गेल्या. ही मावशी शेवटपर्यंत मावशीच राहिली.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. मोठी यंत्रणा बंद पडली की आम्ही 'पोस्टमॉर्टेम' करतो. शब्द डॉक्टरांचाच, आम्ही उसना घेतलाय. त्यात एक नियम असतो: चूक कोणाची हे विचारायचं नाही, काय काय घडत गेलं ते विचारायचं. कारण दोष द्यायला लागलो की लोक लहान बिघाड लपवतात, आणि मग कानावर येतो तो थेट मोठा बिघाड. बहुतेक वेळा मोठ्याच्या आधी चार लहान इशारे येऊन गेलेले असतात.

मुलांचंही तसंच आहे. आपल्या शाळेतली मुलं अकोला, अमरावती, यवतमाळ, नागपूर, पुण्याला शिकायला जातात. घरी फक्त मार्क सांगतात. किल्ली आत राहिली, जेवण मिळालं नाही, सरांनी सगळ्यांसमोर झापलं, हे सांगत नाहीत. आईवडिलांनी कर्ज काढलेलं असतं, त्यांना काळजी नको, असं त्यांना वाटतं. त्यात त्यांचं प्रेमच आहे. पण ओझं एकट्यानेच वाहिलं जातं.

म्हणून एक विनंती. नोंदणीच्या टेबलावर मी एक कोरी वही ठेवली आहे. त्यात आपलं नाव, गाव, फोन नंबर आणि फोन कधी उचलू शकाल ती वेळ लिहा. बारावी होऊन बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती ती यादी देऊ. पैसे मागत नाही, सल्लाही नको. फोन आला तर "मग पुढे काय झालं?" एवढं विचारायचं. आपल्या बाई आणि सर तेच विचारायचे, म्हणून आपण त्यांना सगळं सांगायचो.

पुण्याच्या पानावर पहिलं नाव मी लिहिलंय. अकोल्याचं पान अजून कोरं आहे आणि अकोल्याहून आलेले निदान सहा जण मला इथून दिसताहेत. जेवायला जाण्याआधी तेवढं करा.