काचेवरची अंडी

कोरीडोरास हा दोन-अडीच इंचांचा, मिशाळ मासा दुकानदार 'टाकीतला सफाई कामगार' म्हणून गळ्यात मारतात. पण नुसत्या घाणीवर तो जगत नाही, त्याला रोज खाऊ घालावं लागतं.

हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. माझ्याकडे ब्राँझ जातीचे सहा आहेत. पोटभर खाल्लेल्या माशांच्या टाकीत थोडं गार, ताजं पाणी घातलं, की त्यांना पाऊस आल्यासारखं वाटतं आणि नर मादीच्या मागे लागतात. मग मादी नराच्या पोटाला तोंड लावते. जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवलं, की ती नराचं वीर्य चक्क पिते! ते आतड्यातून झटकन बाहेर पडतं, पोटाखालच्या परांच्या ओंजळीत धरलेल्या अंड्यांपाशी. हवेतला प्राणवायूही हा मासा आतड्यानेच घेतो. पुढे ती चिकट अंडी मादी काचेवर नेऊन डकवते.

एवढा खटाटोप करून आईबापच ती गट्ट करतात. म्हणून मी ती बोटाने अलगद सोडवून वेगळ्या भांड्यात ठेवतो. पांढरी पडलेली लगेच काढायची, नाहीतर बुरशी शेजारच्यांना धरते. तीन-चार दिवसांत इवल्या शेपट्या वळवळू लागतात.