पहारा आणि आधार



नंदुरबारच्या माणसाने समुद्रावर बोलावं, याचं तुम्हांला नवल वाटेल. आमच्याकडे समुद्र येतो तो आठवडे बाजारात, सुकट-बोंबलाच्या पाटीतून. पण प्रकाशाच्या घाटावर उभं राहिलं की वाटतं, ही तापी पुढे सुरतेजवळ समुद्राला मिळते. म्हणजे किनाऱ्याशी आपलंही नातं आहेच. त्या किनाऱ्याची राखण करणाऱ्या तटरक्षक दलाविषयी आज चार शब्द बोलतो.

सत्तरच्या दशकात सोनं आणि घड्याळं समुद्रमार्गे चोरून येत. 1974 मध्ये मुंबई हाय इथे तेल सापडलं. 1976 च्या कायद्याने किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर भारताने हक्क सांगितला. एवढं सगळं राखायचं कोणी? नौदल युद्धासाठी; तस्करांच्या होड्यांमागे ते किती धावणार? तेव्हा रुस्तमजी समितीने स्वतंत्र दलाची शिफारस केली. हे के. एफ. रुस्तमजी जन्मले नागपूरजवळच्या कामठीला. समुद्राची काळजी करायला समुद्राकाठीच जन्मावं लागतं असं नाही! 1 फेब्रुवारी 1977 रोजी काम सुरू झालं. 1978 मध्ये कायदा झाला, तेव्हा दलाकडे अवघ्या सात नौका होत्या. आज दीडशेहून अधिक आहेत.

त्या कायद्यात कामांची यादी आहे. तेलाच्या फलाटांची सुरक्षा, मच्छीमारांचं रक्षण आणि संकटात मदत, समुद्राचं प्रदूषण रोखणं, तस्करीविरुद्ध सीमाशुल्क खात्याला साहाय्य. गंमत अशी की यादी फारशी बदलली नाही, बदलत गेला तो तिचा क्रम.

1993 साली रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी-शेखाडीला, स्फोटकं उतरली आणि 12 मार्चला मुंबई हादरली. सोनं यायचं त्याच वाटेने मरण आलं. मग संयुक्त गस्त सुरू झाली. 2008 च्या नोव्हेंबरात दहशतवादी ‘कुबेर’ नावाची मासेमारी नौका ताब्यात घेऊन आले. 2009 मध्ये किनाऱ्यालगतच्या सागरी सुरक्षेची जबाबदारी तटरक्षक दलाकडे सोपवली गेली. यादीत मागे असलेला पहारा सर्वांत पुढे आला. दरम्यान 2010 मध्ये मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन तेल पसरलं, तेव्हा प्रदूषणाचं कामही मागे ठेवून चालणार नाही हे कळलं. अलीकडे गुजरातच्या समुद्रात अमली पदार्थ पकडले जातात. म्हणजे तस्करी पुन्हा पहिल्या ओळीत आली.

पण एक गोष्ट मला अस्वस्थ करते. ‘कुबेर’वरचे मच्छीमार हेच त्या हल्ल्याचे पहिले बळी होते. कुलाब्याला उतरलेल्या त्या अनोळखी पोरांना हटकलं तेही कोळीवस्तीतल्या माणसांनी. आणि त्यानंतर ओळखपत्र दाखवायची, होडी तपासून घ्यायची वेळ आली तीही मच्छीमारांवरच. तपासणी हवी, यात वाद नाही. पण नाव सांगितल्यावर समोरचा पुन्हा एकदा निरखून पाहतो, ती नजर माझ्यासारख्याला ठाऊक आहे. त्या नजरेने माणूस गप्प होतो. आणि मच्छीमार गप्प झाला, तर समुद्रावरचा सर्वांत जवळचा पहारेकरी आपण गमावतो. वादळात 1554 क्रमांकावर हाक मारली की धावून येणारा जवान आणि कागद तपासणारा जवान एकच असतो. पहिल्यावर विश्वास बसला, तरच दुसऱ्याला खबर मिळते.

जाता जाता आपल्या दाराशी येऊ. सरदार सरोवराच्या फुगवट्याने धडगाव-अक्कलकुव्यातल्या कित्येक पाड्यांना होडी हीच एसटी झाली आहे. 2020 साली इथली एक अंगणवाडी सेविका स्वतः वल्हं मारत बाळांपर्यंत पोचत होती. 2019 च्या संक्रांतीला भूषाजवळ नर्मदेत होडी उलटली, त्यात लेकरंही गेली. तटरक्षक दलाची हद्द समुद्रापुरती. या पाण्यावर त्याची गस्त नाही. इथे कुणी शत्रू उतरणार नाही, म्हणून हे पाणी कुणाच्याच यादीत वर येत नाही. होडीत किती माणसं बसवायची आणि प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट आहे का, एवढं पाहणारा माणूस काठावर असला तरी पुष्कळ झालं.

काळाप्रमाणे क्रम बदलावाच लागतो. फक्त बुडणाऱ्याला हात देणं, ही ओळ खाली सरकू नये.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)